नवसाचा पार

चैत्र लागून पंधरा दिवस झाले, तरी घोडपदेवच्या त्या चाळीतला पिंपळ उघडाच होता.

दरवर्षी पाडव्याच्या सुमारास त्याला तांबूस, तुळतुळीत पालवी फुटायची, तान्ह्या मुलाच्या कानासारखी. यंदा शेंड्याकडच्या फांद्या काड्यांसारख्या वाळल्या होत्या. दुपारभर टुकटुक करणारे तांबट पक्षी कुठे निघून गेले, कोणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उन्हं सरळ घरात घुसत होती. पंखा लावला तर गरम वारं, बंद केला तर जीव कासावीस. मग मंडळी, आपण सगळे जे करतो तेच चाळीनेही केलं. कोणी उन्हाला शिव्या दिल्या, कोणी सरकारला. कोणी म्हणालं, "हवाच बदललीय हो हल्ली."

शनिवारी तेलाचा दिवा घेऊन मीराबाई मात्र खाली उतरल्या आणि पाराच्या पायरीवर तशाच उभ्या राहिल्या.

तो पार त्यांचाच होता. त्यांच्या नवसाचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा हितेंद्र डेंग्यूने आडवा झाला. प्लेटलेट उतरत उतरत अशा खाली गेल्या, की डॉक्टरांनी बोलणंच कमी केलं. तेव्हा ह्या माउलीने रुग्णालयाच्या जिन्यात बसून पदर पसरला होता, "देवा, माझो झील घरी येऊं दे. तुझ्या पिंपळाक दगडाचो पार बांधतंय." झील घरी आला. बाईंनी शब्द पाळला. काळाभोर ग्रॅनाइट आला. चहूबाजूंनी लादी बसली, अगदी बुंध्याला टेकून. उरलेल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. प्रदक्षिणा घालताना बायकांच्या पायांना चिखल लागू नये, म्हणून! मंडळाच्या अध्यक्षांच्या हस्ते नारळ फुटला. दिव्यांच्या माळा टांगायला खोडात खिळे ठोकले. चाळ कौतुकाने म्हणाली, "पार असावा तर असा!"

त्या दिवशी एकच बाई कौतुक करायला आली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या कमलाबाई. महापालिकेच्या बागेत तीस वर्षं माळीकाम करून निवृत्त झालेल्या. गवंडी सिमेंट कालवत असतानाच त्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मीराबाई, असं बुडखा आवळून नका बांधू. चारी बाजूंनी चार फूट माती मोकळी सोडा. मुळांना हवा लागते. पाणी मुरायला वाट लागते."

आणि मीराबाई, ज्या मुंगीवरसुद्धा पाय पडू देत नाहीत, त्या भर चौकात बोलून गेल्या होत्या, "तुम्ही देव मानत नाही, तुम्हाला नवसातलं काय कळणार?"

कमलाबाई जिना चढून वर गेल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या दोघींचा दुपारचा चहा बंद होता.

आज दिवा हातात घेऊन मीराबाई उभ्या होत्या, आणि मागून तोच आवाज आला.

"दिवा लावून पालवी फुटायची नाही, मीराबाई."

कमलाबाईंनी हाताशी आलेल्या एका वाळक्या फांदीवर नख ओढलं. साल खपलीसारखी निघाली. आत तपकिरी कोरडं लाकूड. मग त्या वाकल्या आणि खालच्या एका फांदीवर तसंच नख ओढलं. तिथे मात्र हिरवी रेघ उमटली.

"हे बघा. अजून जीव आहे. वरून मरत आलंय, पण खालून धरून ठेवलंय त्याने. आठवड्याभरात ही लादी फोडा. माती उकरून देते मी, शेणखत घालते. पावसाआधी श्वास मिळाला तर वाचेल."

"फोडू?" मीराबाईंनी दिवा पायरीवर ठेवला. "अहो, नवसाचा पार आहे हा! माझ्या पोराच्या जिवावर बांधलेला. तो फोडला आणि त्याला काही झालं म्हणजे?"

"आणि झाडाला झालं म्हणजे?"

"झाडाचं देव बघेल."

"तुमचा देव मी मानत नाही, खरंय," कमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण ह्याच झाडाखाली आमचे बुद्ध बसले होते. मातीवर बसले होते, गवत अंथरून. हे झाड मलाही साधं नाही, मीराबाई. म्हणून तर त्या दिवशी तुमचा शब्द गिळला. शब्द गिळता येतो. लादी नाही गिळता येत झाडाला."

मीराबाईंना त्या रात्री झोप आली नाही. डोळे मिटले की रुग्णालयाचा जिना दिसायचा.

दुसऱ्या दिवशी चिंचपोकळीच्या देवळात दगडूबुवांचं कीर्तन होतं. मीराबाई वीस वर्षं त्यांच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसत आलेल्या. टाळ सुरू झाला की त्यांचा देह तिथे आणि मन देवाच्या पायाशी. पण आज पूर्वरंग कधी संपला, आख्यान कोणतं लागलं, काही कळलं नाही. आरती झाली, तबकातला बुक्का लागला, तेव्हा त्यांनी बुवांना खांबाआड गाठलं आणि सगळं सांगितलं.

बुवांनी उपरण्याने घाम टिपला.

"माउली, एक विचारतो. नैवेद्य कसा दाखवता?"

"ताट समोर ठेवते. पाणी फिरवते. हात जोडते."

"देवाच्या तोंडात कोंबत नाही ना?"

"शिव शिव! काय बोलता बुवा!"

"मग पिंपळाच्या घशात दगड का कोंबलात?" बुवांच्या आवाजात कीर्तनातलं हसू नव्हतं. "नवस तुम्ही देवाला बोललात. तो ज्या दिवशी फेडलात, त्या दिवशी फिटला. देव काय पठाणी वसुलीवाला आहे, लादी मोजत बसायला? आणि तो देव राहतो कुठे? झाडात की ग्रॅनाइटात? जा. घरी जाऊन पहिला घण तुम्हीच घाला. पोराला काही होणार नाही. झालंच तर झाड मेल्याचं पाप होईल, ते मात्र नवसाने फिटायचं नाही!"

मीराबाई तडक घरी आल्या. हितेंद्र जेवायला बसला होता.

"झिला, उद्या गवंड्याक बोलव. पार फोडूचो आसा."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? दोन वर्षं नाही झाली धड. अध्यक्षांनी नारळ फोडलाय तिथे. माझ्या नावाची पाटी आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकांचा सोड. झाड मरताहा."

"मरत नाही काही. हवा गरम आहे म्हणून. त्या कमलाबाईंचं काय ऐकतेस? पंधरा दिवस थांब. मी मंडळात विषय काढतो. पाऊस पडला की येईल पालवी आपोआप."

मीराबाई थांबल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना थांबायचंच होतं! बुवांनी भीती काढली होती. पण मुळासकट नाही. मुलगाच 'थांब' म्हणतोय, म्हटल्यावर दोष आपल्याकडे येत नाही, असं त्यांना वाटलं. किती सोयीचं असतं नाही, मंडळी, दुसऱ्याच्या तोंडून आपल्याला हवं ते ऐकणं?

पंधरा दिवसांचा महिना झाला. मंडळात विषय निघाला नाही. आंब्याच्या पेट्या आल्या, लग्नं आली, गावची जत्रा आली. कमलाबाईंनी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. आषाढातल्या एका भर दुपारी वाऱ्याने भलीमोठी फांदी मोडून चाळीच्या सार्वजनिक नळावरच्या पत्र्यावर कोसळली. पाणी गेलेलं होतं म्हणून तिथे कोणी नव्हतं. नाहीतर पाणी भरणारी एखादी बाई जिवंत उरली नसती. फांदीसोबत कावळ्याचं घरटं खाली आलं. संध्याकाळपर्यंत कावळे चाळीवर ओरडत होते.

तपासायला महापालिकेची माणसं आली. खोडावर ठोकून पाहिलं, कागदावर लिहिलं, झाड मेलंय, धोकादायक आहे, काढावं लागेल.

दोन दिवस करवत चालली. तिसऱ्या दिवशी बुडखा काढायला पार फोडावा लागला. ज्या लादीला हात लावायला मीराबाईंचा जीव धजत नव्हता, ती परक्या माणसाने पहारीने उचकटली. एक लादी उलटी पडली. मीराबाई पुढे झाल्या आणि ती बघायला वाकल्या.

लादीच्या खालच्या अंगाला मुळं चिकटली होती! खाली जायची मुळं वर आली होती. वर दगड लागला, तशी आडवी पसरली होती, चपटी झाली होती, लादीच्या चौकोनात चौकोनी वाढली होती. प्रत्येक फट शोधली होती त्यांनी, आणि प्रत्येक फटीत पांढरं सिमेंट होतं. हवा शोधत होतं ते झाड! दोन वर्षं, आपल्या पायांखाली, आपण दिवे लावत असताना! खालची माती काळी, कुजकट वासाची, गांडुळाचा पत्ता नाही.

"कमलाबाई," मीराबाई मागे उभ्या असलेल्या कमलाबाईंकडे वळल्या. "मी मारलं हो त्याला."

कोणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, असं मनाला लावून घेऊ नका. कमलाबाई म्हणाल्या, "हो."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आता रडून काय उपयोग? शेजारच्या चाळीत कालपासून वाळू येऊन पडलीय. उंबराला पार बांधतायत. तुमचाच बघून."

मीराबाईंनी डोळे पुसले. मुळांसकट त्या लादीचा एक तुकडा पदरात घेतला आणि चालू लागल्या. कमलाबाई मागून आल्या.

शेजारच्या चाळीत दत्ताच्या पादुकांजवळ ग्रॅनाइट रचून ठेवला होता. गवंडी माल कालवत होता. तिथल्या मंडळाचा स्वप्नील हसत पुढे आला.

"या या काकू! अगदी वेळेवर आलात. तुमचंच डिझाइन घेतलंय. सेम टू सेम."

मीराबाईंनी चपला काढल्या आणि उंबराच्या बुंध्याशी, मातीत, मांडी घालून बसल्या.

"अहो काकू, उठा ना. माल भिजवलाय. फुकट जाईल."

"जाऊं दे."

"देवाचं काम आहे, काकू!"

"माझंही देवाचंच होतं, बाबा." त्यांनी पदरातला तुकडा त्याच्या पुढ्यात उलटा ठेवला. "बघ. हात लावून बघ. हे माझ्या भक्तीचं फळ! आमचा पिंपळ काल गेला. त्याला वाळवी लागली नव्हती, कोणी विष घातलं नव्हतं. मी बांधलेल्या पारानेच तो मेला. आता ही लादी घालायची असेल तर माझ्या अंगावर घाल."

स्वप्नीलने तुकडा उचलला. चपट्या मुळांवरून अंगठा फिरवला. गवंडीही थापी ठेवून बघायला आला. "आम्ही सांगतील तसं करतो, आजी," तो पुटपुटला, "पण हे असं होतं ते ठाऊक नव्हतं."

"काकू," स्वप्नील खाली बघत म्हणाला, "किती सोडू मोकळं?"

"ते ह्यांना विचार," मीराबाईंनी कमलाबाईंकडे हात केला. "मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं ह्यांनी. मी चारचौघांत ह्यांचा अपमान केला. तो आज चारचौघांतच परत घेते."

कमलाबाईंनी पायाने मातीत रेघ ओढली. बुंध्यापासून चार फूट. "ह्याच्या आत एक वीट नको. आणि माळांसाठी खोडात ठोकलेले खिळे आजच काढ."

तो उंबर वाचला. पण म्हणून गोष्ट गोड झाली, असं समजू नका. घोडपदेवच्या चाळीत पिंपळाच्या जागी आठ दिवसांत सिमेंट ओतलं गेलं, आणि तिथे आता चार स्कूटर उभ्या असतात. त्यातली एक हितेंद्रची आहे. तांबट परत आले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर दोन घरांनी एसी बसवले, त्यांची गरम हवा उरलेल्यांच्या घरात जाते. मीराबाई अजूनही कीर्तनाला जातात. कीर्तन संपलं की दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं पाप स्वतःच्या तोंडाने सांगतात. काही लोक थांबतात. बरेचसे घाईत असतात.

बंधुभगिनींनो, निसर्गाचा घात केवळ कारखाने आणि बिल्डर करत नाहीत. आपण सज्जन माणसं हात जोडूनही करतो. ज्याला पुजायचं, त्याला आधी जगू द्यावं, एवढंच ह्या कथेचं सांगणं. तुमच्या दारातल्या झाडाचा बुंधा बघून या. लादी असेल तर उचला, खिळा असेल तर उपटा, माती मोकळी करा. आणि आजच करा. मीराबाईंनी पंधरा दिवस थांबून पाहिलं होतं.