उतरता खर्च

पियसेनच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्याने अंगणातूनच बायकोला हाक मारली. "करुणा, हिशेबवाल्या मिस आल्यात. चहा ठेव. आणि गुळाचा खडा छोटाच दे, नाहीतर तोही खर्चात धरतील."

माणूस हसरा होता. वय सेहेचाळीस, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. कोलंबोपासून लांब, आमच्या कोरड्या भागात, तलावांच्या काठच्या गावांत, भात पिकवणाऱ्या धडधाकट पुरुषांना हा आजार का धरतो, ते अजून कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. उपचार सरकारी आणि फुकट. फक्त डायलिसिसची यंत्रं शहरात, बासष्ट किलोमीटरवर, आणि आठवड्यातून दोनदा जायचं.

माझं काम घरोघर खर्च विचारण्याचं. मंत्रालयाकडे सहा नवी यंत्रं होती. ज्या तालुक्यात या आजारापायी घरामागे महिन्याला सरासरी पंचवीस हजार रुपयांच्या वर खर्च होतो, तिथल्या दवाखान्यात ती बसवायची असं ठरलं होतं. आमच्या तालुक्याचा दवाखाना पियसेनच्या घरापासून सहा किलोमीटरवर. तिथे यंत्र आलं असतं तर करुणाने त्याला सायकलवर मागे बसवून नेलं असतं.

फॉर्मवर तीन रकाने होते. औषधोपचार, प्रवास आणि खाणं, बुडालेली मजुरी. पहिल्यात शून्य, कारण सगळं फुकट. पियसेन तर वर्षभर कामालाच गेला नव्हता, त्यामुळे त्याच्या मजुरीचंही शून्य. मी करुणाकडे वळले.

"अक्का, तुमची मजुरी किती बुडते?"

"मजुरी कसली, मिस? मिरचीचं रान बघते, भात पाखडते, यांना घेऊन जाते."

"म्हणजे गृहिणी," मी म्हटलं आणि तिथेही शून्य लिहिलं. नियमच तसा होता.

"बघ," पियसेन म्हणाला, "वीस वर्षं सांगतोय, तू काही करत नाहीस. आज सरकारनेही लिहून दिलं." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिघंही हसलो.

उरला प्रवास. डायलिसिसनंतर त्याला बसमध्ये बसवत नसे, म्हणून रिक्षा करावी लागे. फेरीला साडेचार हजार, महिन्याच्या आठ फेऱ्या, छत्तीस हजार. त्यासाठी मोटरसायकल विकली होती.

दुसऱ्या महिन्यात आकडा आला अठरा हजार.

"निम्म्यावर कसा आला?" मी विचारलं.

"आठवड्यातून एकदाच जातो," करुणा म्हणाली. तिचे कान मोकळे होते. कानातले विकून जेवढं निभलं तेवढं.

तिसऱ्या महिन्यात दोनच फेऱ्या, नऊ हजार. पियसेन भिंतीला टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती, आणि पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा कापावा लागला होता. "मिस," तो म्हणाला, "आता मी स्वस्त झालोय."

मी नऊ हजार लिहिले. प्रत्यक्ष झालेलाच खर्च लिहावा, असं आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं. सुजलेल्या पायांसाठी रकाना नव्हता. शेऱ्यासाठी तळाला दोन ओळी होत्या, त्या मी कोऱ्या सोडल्या. शेवटची बस चुकली असती, एवढंच कारण. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

कोलंबोच्या कार्यालयात आमच्या पाहणीचे प्रमुख प्राध्यापक वीरक्कोडींनी तीन महिन्यांचा आलेख पडद्यावर टाकला. रेघ खाली उतरत होती. तालुक्याची सरासरी बावीस हजार चारशे.

"लोक जुळवून घेतायत," ते म्हणाले. "खर्च आटोक्यात येतोय."

"सर, खर्च कमी झालेला नाही. ते जायचेच बंद होतायत."

"मग तो खर्च झालाच नाही ना, इनोका? न झालेला खर्च मोजायचा कसा? उद्या म्हणशील, न जेवलेलं जेवणही धर."

माणूस वाईट नव्हता, पण त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त माझा आला. त्या दोन ओळी मी भरल्या असत्या तर निदान पुढे सरकवायला काहीतरी हाती असतं.

यंत्रं दुसऱ्या तालुक्याला गेली. आमच्या वाट्याला पत्र आलं. खर्च सोसण्याजोगा आहे, नव्या रुग्णांची माहिती घ्यावी, पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू.

ते पत्र पिशवीत घालून मी चौथ्यांदा गावात गेले. फाट्यापासूनच रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी निशाणं लावलेली होती. कोणाकडे तरी मयत झाली होती. वाटेतल्या प्रत्येक घरापाशी मला वाटे, इथलीच असू दे. इतकी नीच झाले होते मी. निशाणं पियसेनच्या बोळात वळली.

अंत्यविधी होऊन चार दिवस झाले होते. मयतीला मदत करणाऱ्या गावच्या मंडळाचे लोक खुर्च्या परत न्यायला आले होते. करुणाने त्यातली एक मला ओढून दिली. तिने चहा दिला. गुळाचा खडा चांगला मोठा होता.

"विचारा," ती म्हणाली.

"अक्का, आता काय विचारू?"

"लिहा. आठ फेऱ्या, छत्तीस हजार."

"पण तुम्ही गेलात तरी का?"

"नाही गेलो. एकदाही नाही. लिहा." मी पेन उचललं नाही, तेव्हा तिने विचारलं, "यंत्र कधी येणार?"

मी पत्राबद्दल सांगितलं. आपल्या तालुक्याचा खर्च कमी भरला, असंही सांगितलं.

"कमी?" ती म्हणाली. "गाडी गेली, कानातलं गेलं, माणूस गेला. कमी?"

तिने फॉर्म आपल्याकडे ओढला. तिला फारसं वाचता येत नव्हतं, पण तीन महिन्यांत कुठल्या रकान्यात काय भरतात ते तिला पाठ झालं होतं. मग ती उठून कुंपणाशी गेली. पलीकडे गुणपाल राहतो, जेमतेम पस्तिशीचा. त्याचं डायलिसिस त्याच महिन्यात सुरू झालं होतं.

"गुणपाल, मिस आल्यात रे," तिने हाक मारली. "खर्च विचारतील. गेला नाहीस तरी गेलो म्हणून सांग. आठच्या आठ फेऱ्या सांग."

गुणपाल बाहेर आला आणि त्याने आठ फेऱ्या सांगितल्या. मी छत्तीस हजार लिहिले.