वीस मिनिटांची लबाडी

धावणाऱ्यांच्या मंडळाच्या वार्षिक शर्यतीत घड्याळ घालायला बंदी होती. आदल्या गुरुवारी सगळे सायकलवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमत आणि बारा किलोमीटरला आपल्याला किती वेळ लागेल ते ज्याने त्याने फळ्यावर खडूने लिहायचं. सर्वांत हळू धावणारा सर्वांत आधी सुटणार, वेगवान शेवटी. आकडे खरे असतील तर सगळे जवळपास एकदमच पोचणार, आणि त्यातून जो पुढे निघेल तो जिंकणार. या खेळात पाप एकच होतं, ते म्हणजे जास्तीचा वेळ लिहून लवकर सुटणं. असा कुणी सापडला की वर्षभर मंडळाचे कप त्याने विसळायचे, आणि लबाड म्हणून नाव झालं ते वेगळंच.

मागच्या वर्षी बाबांनी एक तास पस्तीस मिनिटं लिहिली. बाबा कुलपं दुरुस्त करायचे. दरवर्षी ते सव्वा तास लिहीत आणि बरोबर सव्वा तासाच्या आसपास येत.

"बाबा, वीस मिनिटं जास्त?" त्यांची मुलगी भर खोलीत म्हणाली. तीही शर्यतीत धावायची. "अशी लबाडी? यंदा कप विसळायची हौस आलेली दिसतेय. घरी तर एक बशी उचलत नाही तुम्ही!"

खोलीत हशा पिकला. सायकलवाला म्हणाला, "घ्या, कुलूपवाल्यांची चोरी घरच्यांनीच पकडली!"

बाबाही हसले. शर्टाच्या बाहीने आकडा पुसून त्यांनी सव्वा तास लिहिला.

रविवारी ते एक तास सोळा मिनिटांत पोचले. तिने त्यांना तिसऱ्या चढणीवर गाठलं होतं. त्या चढणीला सगळे 'आत्या' म्हणत, कारण तिच्याकडे गेलेला माणूस चार शब्द ऐकल्याशिवाय सुटत नसे. बाबा गुडघ्यांवर हात रेटत चढत होते. "डावीकडून!" ती ओरडली. पुढे जाणाऱ्याने तसं ओरडायचंच असतं. ते उजवीकडे सरकले आणि मान वर न करता नुसता हात हलवला. ती पुढे गेली. त्या वर्षी तिचा तिसरा नंबर आला.

एकोणीस दिवसांनी बाबा दुकानात, एक कुलूप खोलून बसलेले असताना, खुर्चीवरून घसरले ते उठलेच नाहीत.

दुकान आवरताना कोऱ्या किल्ल्यांच्या खणात डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. तारीख त्या गुरुवारच्या चार दिवस आधीची होती. धावणं कमी करा, चढ पळत चढू नका, असं तीत लिहिलं होतं. ती चिठ्ठी त्यांनी कुणालाही दाखवली नव्हती. चढ चालत काढायचे आणि कुणाला न सांगता शर्यतीतही राहायचं, असा त्यांचा बेत असणार. वीस मिनिटं त्यासाठी होती.

आईने चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाली, "त्या शिंप्यानंच ओढून नेलं ह्यांना. रोज पहाटे दारात हजर! 'चल रे, चल रे.' नको म्हणायला ह्यांची जीभ रेटली नसणार."

शिंपीकाका म्हणजे बाबांचे धावण्यातले तीस वर्षांचे सोबती. त्या दिवसापासून त्यांना दार बंद झालं. आई हे बोलली तेव्हा मुलगी तिच्या शेजारीच उभी होती, हातात मोकळा खण धरून. तिने तो जागेवर सरकवला. फळ्यापाशी काय झालं ते आज सांगू, उद्या सांगू, करता करता वर्ष सरलं.

यंदाच्या गुरुवारी शिंपीकाकांनी फळ्यावर नेहमीप्रमाणे एक तास पस्तीस मिनिटं लिहिली. तिने खडू घेतला आणि खाली तोच आकडा लिहिला. मागच्या वर्षी ती तासाभरात आली होती. कुणीही हसलं नाही. सायकलवाला खाली बघून खडूची पूड झटकत राहिला.

रविवारी दोघं बरोबरच सुटले.

"माझ्या मागे का लागलीस गं?" काका म्हणाले. "पाय मोडलाय का तुझा?"

"बोलायचंय तुमच्याशी."

"मग दुकानात यायचं. मशीन थांबवून ऐकलं असतं. इथं मला श्वास पुरत नाही आणि तुला गप्पा सुचतायत!"

पहिल्या दोन चढणी तशाच गेल्या. रस्ता भिंतींमधून, कुरणांमधून वळणं घेत वर जात होता. आत्या सुरू झाली तसे काका चालू लागले. तीही चालू लागली.

"काका, त्या गुरुवारी मी..."

"मी होतो तिथं."

"आईला वाटतं, तुम्ही त्यांना ओढून नेलंत."

"ठाऊक आहे. मला बघून रस्ता ओलांडते ती."

"मग तिला खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझी पोर हसली म्हणून?" काका थांबले, कमरेवर हात ठेवून दम घेतला. "नवरा गेला तिचा. उरलीस तू एकटी. शिंपी काय गं, छप्पन्न मिळतील." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "आणि हसलो तर मीही होतो. आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, यंदा चढ तुझ्यासोबत चालतो. मला वाटलं, चेष्टा करतोय गडी. त्यानं आकडा पुसला तेव्हा तरी विचारायचं होतं मी. नाही विचारलं."

मागून सुटलेले एकेक जण त्यांना ओलांडून जात होते.  चढण संपता संपता ती म्हणाली, "माझ्याबरोबर घरी चला, काका. दोघं मिळून सांगू."

"मी नाही येणार. मी आलो की ती माझ्यावर तोंड सोडेल, आणि तुझं सांगायचं राहूनच जाईल."

ते सर्वांत शेवटी पोचले. ती तशीच, घामेजलेली, घरी गेली.

आई खिडकीशी बसून पडद्याची कड दुमडत होती. हल्ली ती असली कामं घरीच करायची. टाके वाकडे पडत होते. आईने आयुष्यात एकही शर्यत पाहिली नव्हती, त्यामुळे मुलीला सगळं मुळापासून सांगावं लागलं. फळा, खडू, कोण आधी सुटतो, कोण नंतर.

"हळू धावणारा आधी? हे कसलं खूळ?" आई सुईत दोरा ओवत म्हणाली.

"तसंच असतं ते. बाबांनी वीस मिनिटं जास्त लिहिली होती, आई. ते चढ चालणार होते. काकांबरोबर."

आईने सुई खाली घेतली. "मग?"

"मग त्यांनी ते पुसलं आणि नेहमीचा वेळ लिहिला."

"पुसलं कशाला?"

"मी हसले म्हणून. सगळ्यांसमोर लबाडी म्हटलं मी."

आई तिच्याकडे बघत राहिली. खाली कुणीतरी फाटक उघडलं, लावलं.

"चिठ्ठी सापडली तेव्हा तू माझ्या शेजारीच उभी होतीस."

"हो."

"त्या माणसाला मी काय काय बोलले, ते ऐकत होतीस."

"हो."

आईने मांडीवरचा पडदा गोळा करून बाजूला ठेवला. 

"जा, आंघोळ कर," ती म्हणाली. "घाम वाळतोय अंगावर."

परक्या घरच्या पोरीला सांगावं तसं, तिच्याकडे न बघता.