वेळेआधी वाजलेली शिट्टी

मित्रांनो, माझ्या पोटात हरभऱ्याएवढा बुचाचा गोळा आहे, आणि खोटं कशाला बोलू, थोडी जळजळही आहे. मी एक जुनी पितळी शिट्टी. अंगावरचा मुलामा उडालाय, पण आवाज अजून खणखणीत आहे.

कुठल्याशा कारखान्यात पितळेचे तुकडे वाकवून कुणीतरी डाग देऊन जोडले, पोटात गोळा सोडला, एकदा फुंकून पाहिलं, आणि माझ्यात जीव आला. पुढे नाशिकला मेन रोडवरच्या खेळाच्या दुकानात बहिणींबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होते. ललिता मॅडम आल्या. एकेक शिट्टी पदराने पुसायची, फुंकायची आणि नाक मुरडून बाजूला ठेवायची, असं सुरू झालं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, शिट्टी घेताय की तंबोरा?"

दहावी मी होते. मला त्यांनी परत ठेवलंच नाही.

मॅडम पंचवटीतल्या शाळेत खेळाच्या शिक्षिका आणि मुलींच्या फुटबॉल सामन्यांच्या पंच. बावीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात, आणि सामन्याच्या वेळी त्यांच्या ओठांत. मी वाजले की बावीस मुली जागच्या जागी थांबायच्या. एकदा भाजीबाजाराच्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर अडकल्या. मॅडमनी मला फुंकलं, तर रिक्षा राहू द्या, मागून येणारी गायसुद्धा थांबली. मित्रांनो, असं सगळ्यांनी ऐकायची सवय लागली ना, की मग अवघड होतं.

कारण मग घरात टीव्ही आला. चांगला भिंतभर. मॅडमचे यजमान, भारतराव, सातपूरच्या कारखान्यात आहेत. शनिवारी संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन युरोपातला फुटबॉल लावून बसतात. माझा खिळा नेमका टीव्हीच्या समोर. त्यामुळे मलाही सगळं बघावं लागायचं.

आणि काय काय बघितलं मी! गोल झाला, लोक नाचले, आणि मग पाच मिनिटं पडद्यावर रेघा मारत बसले. कुणाच्या तरी बुटाचं टोक पुढे निघालं म्हणून गोल रद्द. दुसरीकडे रेफरीने पेनल्टी दिली, मैदानाकडेला ठेवलेल्या छोट्या पडद्यात डोकावून आला आणि दिलेली पेनल्टी काढून घेतली. तिथे म्हणे चेंडू रेषेपार गेला की रेफरीच्या मनगटावरचं घड्याळच थरथरतं. मग शिट्टी कशाला ठेवली आहे? पूजेत सुपारी मांडतात, तशी?

मी जळायची. त्या पडद्यावर जळायची, त्या घड्याळावर जळायची. इकडे मैदानावर पालक मोबाईल घेऊन उभे राहायला लागले होते. मी वाजले की मुलींकडे बघायचं सोडून लोक मोबाईलमध्ये बघायचे. त्या मोबाईलवर तर सगळ्यात जास्त जळायची.

भारतरावांचा राग मात्र रेफरीवर. "आंधळा आहे का हा! याला रेफरी कुणी केला?"

मेथी निवडता निवडता मॅडम म्हणायच्या, "अहो, हळू. शेजारी ऐकतील. माझ्या मॅचला येऊन मलाही असंच बोलणार का?"

"तुला बोलायची माझी काय टाप आहे?"

एका शनिवारी मात्र भलतंच झालं. निळ्या कपड्यांतला खेळाडू गोलकडे धावला, बचाव करणारा त्याला धडकून पडला, आणि रेफरीला वाटलं की निळ्यानेच ढकललं. त्याने शिट्टी फुंकली. पुढच्याच क्षणी चेंडू जाळ्यात! पडद्यावर चारदा दाखवलं. ढकललं नव्हतं. तरी गोल नाही दिला.

भारतराव उभेच राहिले. "अरे, एवढे कॅमेरे लावलेत ते काय मेथी निवडायला?"

"नाही देता येत," मॅडम म्हणाल्या. "शिट्टी वाजली तिथे खेळ थांबला. त्यानंतर चेंडू कुठेही जाऊ दे, तो गोल नाही. कॅमेरा आला तरी नाही."

मित्रांनो, त्या दिवशी खिळ्यावर लटकल्या लटकल्या मी फुगले. म्हणजे अजून एक जागा आहे, जिथे पडद्याचं माझ्यापुढे काही चालत नाही! फक्त चेंडू आत जायच्या आधी वाजायला हवं.

पुढच्याच शनिवारी शाळांची जिल्ह्याची फायनल होती, पंच मॅडमच. जिंकणारा संघ विभागाला जाणार. विंचूरकडच्या एका शाळेची कप्तान आरोही, दहावीतली. तिची ही शेवटचीच संधी. तिची आई शकुबाई विंचूरच्या बाजारात कांदा निवडते. खाडा करून आली होती आणि गोलच्या मागे मोबाईल धरून उभी होती. मी तिच्याकडे बघून घेतलं. म्हटलं, धर. धरून ठेव.

शेवटची तीन मिनिटं, गोल शून्य-शून्य. उंच चेंडू आला. गोलकीपर झेपावली, आरोहीने उडी मारली, गोलकीपर पडली. मॅडम लांब होत्या. त्यांना वाटलं, आरोहीने ढकललं. मी ओठांतच होते.

आता कबुली देते. वय झाल्यापासून माझा गोळा चिकटतो. मी आधी फुसफुसते, मग वाजते. मुली हसतात त्याला. त्या दिवशी फुसफुसले असते तर तेवढ्यात गोल झाला असता, कारण आरोहीच्या डोक्याला लागून चेंडू रेषेकडे निघालाच होता. पण फुंकर मॅडमची असली तरी घाई माझी होती. मी पहिल्या श्वासाला वाजले. चेंडू त्यानंतर आत गेला.

सगळं मैदान ओरडलं. गोलकीपर उठून स्वतःच म्हणाली, "मॅडम, हिने नाही ढकललं. मी घसरले."

शकुबाई मोबाईल घेऊन थेट मैदानात. "मॅडम, हे बगा. माझ्या पोरीनं हातसुद्धा लावला नाय."

मॅडमनी पूर्ण बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ताई, चूक माझी आहे. तिने ढकललं नाही."

"मंग द्या ना गोल."

"नाही देता येत. शिट्टी आधी वाजली होती."

"शिट्टी तुमचीच हाय ना, मॅडम?"

मॅडमनी मोबाईल तिच्या हातात परत दिला. आणि माझं म्हणाल तर, मी जिंकले होते. मोबाईल शकुबाईच्या हातात गप्प होता. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण समोर आरोही उभी होती. रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, मॅडमकडे नाही.

खेळ परत सुरू झाला. मग पेनल्ट्यांवर तिचा संघ हरला.

मॅडमनी सामन्याच्या अहवालात आपली चूक आपल्या हाताने लिहिली. घरी आलो तर टीव्ही बंद. फिरत फिरत तो व्हिडिओ भारतरावांच्या मोबाईलवर पोचला होता.

"आज मॅच नाही का?" मॅडमनी विचारलं.

"आहे की." ते चहाचं आधण ठेवत होते. "पण आज रेफरीला काय बोलावं ते सुचेना."

मॅडम हसल्या आणि मग खूप वेळ रडल्या. भारतराव चहा परत परत गरम करत राहिले.

तेव्हापासून मी ओठांत नसते. मॅडम माझी दोरी बोटांना गुंडाळून मला मुठीत धरतात. मुठीतून ओठांपर्यंत यायला एक क्षण लागतो. तेवढ्यात पडलेली मुलगी उठते, चेंडू जायचा तिथे जातो, आणि खरं काय घडलं ते दिसतं. मित्रांनो, मला पुसून ठेवा, ओली ठेवू नका, हे तर सांगायचंच आहे. पण त्याहून जास्त सांगायचंय ते हे, की कुणावर शिट्टी फुंकायची असेल तर ती आधीच दातांत धरून बसू नका. पडद्यावर मी अजूनही जळते. पण त्याच्याशी शर्यत लावत नाही.

परवा रविवारी मॅडम आपणहून विंचूरला गेल्या, तिथल्या मुलींच्या साध्या सामन्याला पंच म्हणून. आरोही खेळत होती. मॅडमना बघून तिने मान फिरवली. उत्तरार्धात ती चेंडू घेऊन धावली, एकीच्या पायात पाय अडकून दोघी पडल्या. मुठीत मी घामाने भिजले. मॅडमचा हात हलला, आणि थांबला. आरोही धडपडत उठली, चेंडू गाठला आणि जाळ्यात मारला.

मग गुडघ्याची माती न झटकता ती वळली. पहिल्यांदाच मॅडमकडे बघून म्हणाली, "आता वाजवा."