थांब्यावरचा पाहुणा

सत्यभामाबाई शहरात, उस्मानपुऱ्यात लेकाकडे राहायच्या, पण हरभरा फुलावर आला की त्यांचा पाय घरात ठरत नसे. बिडकीनच्या शेतात पक्ष्यांसाठी थांबे रोवायचा मान त्यांचा होता. थांबा म्हणजे साधी काठी, वर आडवं लाकूड बांधलेली. त्यावर बसून पाखरं अळ्या टिपतात, उंदीर धरतात. सासूबाई, सारजाबाई, पहिली काठी रोवताना पिवळा भात उधळायच्या आणि म्हणायच्या, "आता बसंल तो पाहुणा." थांब्यावरच्या पाखराला या घरात कुणी कधी खडा मारला नव्हता. नवीन लग्न झालं होतं तेव्हा सत्यभामाबाईंच्या नवऱ्याने एकदा गंमत म्हणून गोफण उचलली, तर सारजाबाईंनी त्याला दिवसभर जेवायला वाढलं नव्हतं.

यंदाचे थांबे त्या पंधरवड्यापूर्वीच रोवून गेल्या होत्या. आज पुतण्या सोमनाथच्या मोटरसायकलवरून बांधावर उतरल्या, तर बाभळीखाली मोठी गाडी उभी, शेजारी हिरव्या कापडाचा आडोसा.

"हे कोण रे?"

"बद्रीनाथ साहेब हायेत. शहरात छावणी भागात राहतेत. पाखरांचे फोटू काढतेत. मागच्या टायमाला फेसबुकवर माझं नाव टाकलं, मोठी आई. बिडकीनचे पक्षीमित्र सोमनाथ."

"व्हय का. बैलाला पाणी दाखवाया याद राहत नाय, अन् पक्षीमित्र."

आडोशातून बद्रीनाथ बाहेर आले. माणूस गोड होता. त्यांनी खुर्ची दिली, मोबाइल पुढे धरला. "बघा आजी, केनियात काढलाय. जुलैत गेलो होतो."

वाळलेलं पिवळं गवत, काटेरी झाड, शेंड्यावर पांढरंशुभ्र पाखरू. खांदे काळे, डोळे कुंकवासारखे लाल.

"ही तर आमच्या बाभळीवरची कापशी घार."

"ही आफ्रिकेतली आजी," बद्रीनाथ हसले. "जात एकच म्हणा. पण उंदरावर झेप घेतानाचा फोटो काही मिळाला नाही तिथं. म्हटलं, सोमनाथरावांकडे मिळेल."

सत्यभामाबाईंनी बाभळीकडे पाहिलं. शेंड्यातल्या घरट्यात मादी पिलांवर बसलेली होती. नर आणील तेव्हाच त्या घरट्यात घास पडायचा. मग त्यांची नजर वावरातल्या पहिल्या थांब्यावर गेली. आडव्या लाकडावर काहीतरी पांढरं वळवळत होतं.

"सोमनाथ, ते काय हाय?"

सोमनाथ चपलेने ढेकूळ फोडत राहिला. "साहेबांनी शहरातून आणलाय. दुकानात मिळतेत पांढरे उंदीर. पळू नये म्हणून पायाला नायलॉनचा दोरा बांधलाय. कापशीला काय, आयतंच जेवण."

त्या खुर्चीतून उठेपर्यंत उशीर झाला होता. नर हवेत एका जागी फडफडत थांबला, पाय खाली सोडून सरळ उतरला आणि उंदीर घेऊन उठला. दोरा ताणला गेला. पंजाला वेढा बसला आणि पाखरू उलटं लटकून काठीवर आपटायला लागलं. आडोशात परतलेल्या बद्रीनाथांचा कॅमेरा टकटक टकटक वाजत होता. थांबत नव्हता.

सत्यभामाबाई उभ्या पिकातून चालत निघाल्या. जन्मात त्यांनी हरभरा असा तुडवला नव्हता. मागून आवाज आला, "आजी, जरा बाजूला व्हा. मध्ये येताय."

त्यांनी पदर पाखरावर टाकला, मुठीत धरलं आणि दोरा दातांनी तोडला. नखं मनगटात रुतली. पंजाभोवतीचा वेढा सोडवून हात उघडला, तसा नर बाभळीकडे गेला, पण रिकामाच. अर्धमेला उंदीर सरीत पडला होता. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब जखमेत उतरून हात पेटल्यासारखा झाला, तरी त्यांनी तो झटकला नाही.

बद्रीनाथ रुमाल घेऊन धावत आले. "माझंही पाखरांवर प्रेम आहे आजी."

"तिकडं आफ्रिकेत बांधला व्हता का उंदीर?"

"तिथं गाडीतून खाली उतरूसुद्धा देत नाहीत."

"मंग तिथं भ्यालास. अन् हितं कुणी इचारणारं नाय, व्हय?"

बद्रीनाथांचा रुमाल तसाच हातात राहिला.

"जाऊ द्या ना मोठी आई," सोमनाथ म्हणाला. "पाव्हणे हायेत आपले."

इतका वेळ दाबलेला आवाज आता वर आला. "पाव्हणा तो व्हता, सोम्या. लटकला व्हता तो. म्या बोलावला त्याला. माझ्या काठीवर भरवसा ठेवून आला, अन् तू त्याच काठीला फास बांधू दिला. तुझ्या आजीनं पोटच्या पोराला उपाशी ठेवलं व्हतं. तुला काय ठेवू?"

सत्यभामाबाईंनी पहिला थांबा दोन्ही हातांनी हलवला आणि उपटला. मग दुसरा. तिसऱ्याला रक्ताने हात घसरला, तर पदर गुंडाळून उपटला.

"उंदीर लागतील हरभऱ्याला," सोमनाथ म्हणाला.

"लागू दे. राखण कर. पक्षीमित्र हायेस ना?"

सगळे थांबे उपटून झाले. त्याच दोऱ्याने त्यांनी मोळी बांधली आणि डोक्यावर घेतली. बद्रीनाथांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. त्या बाजूने निघून गेल्या. सोमनाथने मोटरसायकल चालू केली, तिच्यावरही बसल्या नाहीत.

बाभळीवर मादी चिरक्या आवाजात ओरडत होती. सत्यभामाबाई बाभळीखालूनच गेल्या, पण त्यांना वर बघवलं नाही.