अर्थ सांगितला की शक्ती जाते

ब्रदर थियोफिल यांनी माझ्या मुलीच्या दोन्ही कानांत बोटं घातली, आभाळाकडे पाहिलं आणि माइकला तोंड लावून ओरडले, "इप्फाथा!" कर्ण्यातून तो शब्द विट्याच्या बाजारपटांगणावर पसरला, एसटी स्टँडच्या भिंतीवर आदळून परत आला. जिच्यासाठी तो उच्चारला होता फक्त तिलाच ऐकू आला नाही. ती त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होती.

हदासा पाच वर्षांची आहे आणि जन्मापासून बहिरी आहे. या रोग बरे करण्याच्या सभेला तिला न्यायचं नाही असं मी सकाळीच घरात सांगितलं होतं. मी चुलीपाशी अडकले तेवढ्यात सासूबाई नातीचा हात धरून निघून गेल्या. धावत पोचले तेव्हा त्या दोघी स्टेजवर होत्या आणि मला बायकांच्या गर्दीतून पुढे सरकता येईना.

"आता ढोल वाजवा," ब्रदर म्हणाले.

तिच्या मागेच, फळ्यांवर ठेवलेल्या ढोलावर एकानं टिपरू हाणलं. हदूनं चटकन मान वळवली.

मग काय विचारता. हालेलुयाच्या गजरात सगळं पटांगण उभं राहिलं. शेजारची बनाबाई माझा दंड धरून रडायला लागली. सासूबाईंनी हदूच्या छातीवरची ऐकायच्या मशीनची पिशवी काढली, कानातली वायर ओढली आणि सगळं स्टेजवरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिथे बरं झालो म्हणून कुणी काढून ठेवलेले चष्मे होते, एक कुबडी होती. त्याला साक्षीचं टेबल म्हणतात. लोक टाळ्या वाजवतायत हे बघून हदूही टाळ्या वाजवायला लागली, आणि मला तो माणूस तिथेच फाडून खावासा वाटला.

कारण मला माहीत होतं तिनं मान का वळवली ते. खालून पोकळ असलेल्या फळ्या आणि अनवाणी पाय. घरी परसातल्या उखळात मुसळ पडलं की ही पोर ओसरीवरून वळून बघते. तळव्यांना कळतं तिच्या. हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मुसळ त्यांच्याच हातात असतं.

घरी आल्यावर मी भांडले. माझा नवरा, नाथाजी, फौजेत आहे, आसामात. त्याला पत्र पोचून उत्तर यायला वेळ लागतो, आणि तोवर घरात त्याच्या आईचा शब्द चालतो. मी त्यांना आत्या म्हणते. दुष्काळात आम्ही दोघींनी खडी फोडली, एका ताटात जेवलो, कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. सोमवारी मिरजेला बहिऱ्या मुलांच्या शाळेत हदूला दाखवायचं होतं. तिथल्या बाईंनी बजावलं होतं की मशीन रोज कानाला लावा आणि लावूनच आणा, मशीनवर ती किती ओळखते ते बघून जागा देऊ. या वयात बोलायला शिकली नाही तर पुढे फार जड जाईल, असंही म्हणाल्या होत्या. ती मशीन आता चष्म्यांच्या ढिगात पडली होती.

"आता कशाला मिरज?" आत्या म्हणाल्या. "देवानं कान दिलं की."

मी म्हटलं, मागून हाक मारून बघा. त्या म्हणाल्या, देवाची परीक्षा बघू नये. मी स्वतः हदूच्या मागे उभी राहून तिचं नाव घेतलं, मग जोरात घेतलं. ती चिंध्यांच्या बाहुलीला पदर गुंडाळत बसली होती, बसूनच राहिली. आत्या म्हशीला पाणी दाखवायला निघून गेल्या.

मला त्या माणसाच्या ढोंगाचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्या शब्दाचा होता. तो शब्द माझ्या माहेरचा आहे.

माझे वडील वाईच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. पाळकाच्या शिक्षणात जुजबी हिब्रू शिकले आणि मग त्यांना नादच लागला. संध्याकाळी घाटावर एक म्हातारे शास्त्रीबुवा यायचे. त्यांच्याशी वडिलांचं जमायचं ते शब्दांवरून. संस्कृतात जसे धातू, तशी हिब्रूत तीन-तीन अक्षरांची मुळं, आणि एका मुळातून किती शब्द फुटतात यावर दोघं कृष्णेच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बोलत. मी शेजारी बसून शेंगा खायची. दया या अर्थाचा हिब्रू शब्द गर्भाशयाच्या शब्दातून निघाला आणि आपण रहम म्हणतो ते अरबीतून आलेलं त्याच घराण्यातलं, हे मला कॉलेजात जाण्याआधी माहीत होतं. हदासा हे नाव वडिलांनीच ठेवलं. मेंदीसारख्या एका सुवासिक झुडपाचं नाव आहे ते. ती बहिरी आहे हे कळायच्या आत ते गेले.

इप्फाथा हिब्रू नाही, अरामी आहे. म्हणजे येशूच्या घरात, गल्लीत, सुताराच्या दुकानात बोलली जायची ती भाषा. उघड, मोकळं हो, एवढाच त्याचा अर्थ. त्याच तीन अक्षरांतून हिब्रूत दाराचा शब्द येतो. त्याच्याच अरबी भावंडातून आपल्याकडे फत्ते आला. गड फत्ते झाला म्हणजे मुळात गड उघडला. साताऱ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द तोंडात घोळवतायत आणि बाजारपटांगणात एक माणूस तो मंत्र म्हणून माझ्या मुलीवर फुंकतोय.

रविवारी दुपारी मी इथल्या पाळकांच्या, भाऊसोंच्या घरी गेले. ब्रदर तिथेच उतरले होते. पाटावर बसून कोंबडीच्या रश्श्यात भाकरी मोडून खात होते. माइक नसला की त्यांचा आवाज अगदी मऊ असतो. मी मशीन मागितली.

"भगिनी, तुमचा विश्वास आहे ना?"

"आहे. मशीन कुठं आहे?"

"माला, अगं जेवायला बसलेत ते," भाऊसो म्हणाले.

मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, शास्त्रात ती गोष्ट आहे, तुम्ही नीट वाचलीत का? त्या बहिऱ्याला लोकांनी आणलं तेव्हा येशूनं त्याला आधी गर्दीतून बाजूला नेलं. स्टेजवर नाही चढवलं. त्याच्या कानात बोटं घातली, जिभेला हात लावला, वर बघून उसासा टाकला. हे सगळं खुणांचं बोलणं आहे, ऐकू न येणाऱ्याशी माणूस असंच बोलतो. आणि मग समोरासमोर एक शब्द. त्या शब्दात ओठ मिटतात आणि उघडतात. न ऐकणाऱ्यालाही तो दिसतो. मिरजेच्या बाईंनी मला हेच सांगितलंय, आधी ओठांवर दिसणारी अक्षरं घ्या, प, फ, ब, म, आणि चेहरा तिच्यासमोर ठेवा. तुम्ही तर माइकच्या गोळ्यामागे तोंड लपवून ओरडलात.

ब्रदरनी घास गिळला. पाणी प्याले.

"भगिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. पण अर्थ सांगत बसलं की शब्दाची शक्ती जाते. म्हणून तर शास्त्रात तो मूळचा तसाच ठेवलाय."

"तसाच ठेवलाय आणि लगेच पुढं त्याचा अर्थ दिलाय," मी म्हटलं. "लिहिणाऱ्याला वाटत होतं, लोकांना कळावं."

भाऊसो ताटाकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं मी खरं बोलतेय. चार वर्षं ते माझ्या वडिलांच्या हाताखाली होते, हे सगळं आमच्याच ओसरीवर शिकले.

मग ब्रदरनी हात धुतले आणि तोडगा सांगितला. आज शेवटची सभा आहे. आईनं स्वतः येऊन माइकवर साक्ष द्यावी की लेकरू बरं झालं. त्यानंतर टेबलावरची वस्तू ज्याची त्यानं न्यायला हरकत नाही.

"बरी झाली म्हणून सांगायचं, मग मशीन न्यायची?"

"साक्षीनं लोकांचा विश्वास वाढतो," ते म्हणाले.

मी घरी आले ती रस्ताभर हिशेब करत. दोन वाक्यं बोलायची, पिशवी उचलायची, सकाळची गाडी धरायची. खोटं तर खोटं. मुलीसाठी यापेक्षा मोठं खोटं बोलणाऱ्या आया मी पाहिल्यात. पण उद्या विट्यातल्या प्रत्येक दारात ती बरी झालेली मुलगी असेल. हाक मारूनही वळली नाही तर दगड मारतील, लबाड म्हणतील, सैतान शिरला म्हणतील. आणि अजून कुठल्या खेड्यातून कुणी आपलं बहिरं पोर उचलून आणील आणि डॉक्टरकडे न नेता त्या फळ्यांवर उभं करील, ते माझ्या तोंडच्या शब्दावर.

दार लोटलेलं होतं. मी खिडकीशीच थांबले. आत आत्या हदूच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी हळू हाक मारली. मग मोठ्यानं. मग गोठ्यातल्या म्हशीला हाकारतात तसं घसा फोडून, "हदेऽऽ." हदू बाहुलीला थोपटत होती. आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पायात चपला घासत, आवाज करत आत गेले.

संध्याकाळी मी हदूला कडेवर घेऊन स्टेजवर चढले. ब्रदरनी माइक माझ्यापुढे धरला, चेहऱ्यावर दुपारचंच मऊ हसू. मी म्हटलं, "माझी मुलगी काल बहिरी होती, आजही बहिरी आहे. ढोल तिनं पायानं ऐकला. तो शब्द मंत्र नाही, त्याचा अर्थ उघड असा आहे." पुढचं कर्ण्यातून गेलं नाही. कुणीतरी बटण बंद केलं होतं.

मी टेबलाकडे गेले. पिशवी उचलली तर तिचा पट्टा दुसऱ्या टोकाला एका स्वयंसेवकानं धरलेला. वायर ताणली गेली. ती तुटली तर मिरज संपलं, म्हणून मला ओढताही येईना. खालून लोक ओरडायला लागले होते. अविश्वासी, म्हणे. पाळकाची लेक असून, म्हणे. बनाबाई, काल माझ्या दंडाला धरून रडलेली, सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

तेवढ्यात आत्या पायऱ्या चढून वर आल्या. लुगड्याचा काष्टा सावरत त्या सरळ ब्रदरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं, ढोल न वाजवता एकदा हाक मारा की तिला."

"आजी, संशय हा पापाचा..."

"संशय न्हाई. हाक मारा म्हंती मी. मागनं मारा. हदासा नाव हाय तिचं."

माइक बंद होता तरी पुढच्या बायकांना ते ऐकू गेलं आणि त्यांनी मागच्यांना सांगितलं. पटांगण शांत होत गेलं. सगळे बघत होते. ब्रदरांनी आत्यांकडे पाहिलं, हदूकडे पाहिलं, मग पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं. त्या स्वयंसेवकाची बोटं ढिली पडली. मी पिशवी छातीशी धरली आणि आम्ही तिघी उतरलो. कुणी वाट अडवली नाही. एका म्हाताऱ्यानं मात्र वर जाऊन आपला चष्मा उचलला.

रस्त्यानं जाताना मी मशीन कानाशी लावून बघितली. चालू होती. राग उतरत नव्हता. आत्यांचाही राग येत होता, काल वायर ओढली त्याच हातांनी त्या आता हदूला धरून चालवत होत्या.

"त्या शब्दाचा अर्थ काय म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

"उघड. मोकळं हो."

"येवढंच?"

"एवढंच."

थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "आन् आमेन?"

मी सांगितलं, पक्कं, भरवशाचं, ज्यावर भार टाकावा असं. त्याच मुळातून लेकरू सांभाळणाऱ्या दाईचा शब्द येतो.

"आन् होसान्ना?"

"वाचव ना, असा. कुणीतरी बुडताना ओरडावं तसा."

आत्या रस्त्यातच थांबल्या. हदू पुढे गेली आणि हात ताणला गेला तशी मागे वळून बघायला लागली.

"नाथाचा बाप आजारी व्हता," त्या म्हणाल्या, "तवा झावळ्यांचा रविवार आला. समदी मंडळी हातात झावळ्या घिऊन होसान्ना होसान्ना करत दारावरनं गेली. भाऊसो पुढं. मला म्हणलं, राहीबाय, या की. मी दार लावून घेतलं. म्हणलं, घरात माणूस जातोय आन् मी कशाला जयजयकार करू." त्यांचा आवाज बारीक झाला नाही, उलट चढला. "त्याच दिशी म्हणायचा व्हता की गं त्यो. त्याच दिशी."

"भाऊसोला ठावं हाय का अर्थ?"

"आहे. माझ्या वडिलांपाशीच शिकलेत."

"जन्म गेला माझा देवळात. बाळपणापासनं वरडत आले. कुणी सांगितलं का न्हाई मला?"

मी म्हटलं, ते मी कसं सांगणार.

"तू न्हाई. त्यो सांगंल." त्यांनी हदूचा हात माझ्या हातात दिला आणि लुगड्याचा पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "सकाळी मिरजंची गाडी कितीला हाय ते बघून ठेव, मी येणार संगं. आन् आत्ता घराकडं तू जा. मी भाऊसोच्या दारात बसती. सभंतनं कवा तरी येईलच की त्यो."