कातडं काढायचा दिवस

मेंढा कळपात कधी सोडायचा हे सासूबाईंनी ठरवलं, आणि पाच महिन्यांनी कोकरं यायला लागली तेव्हा त्या नव्हत्या. कारभार आपण करायचा आणि निस्तरायला मला ठेवायचं, ही त्यांची जुनीच खोड. मागे राहिल्या चौदा मेंढ्या आणि सासरे. सासरे हल्ली माणसं विसरायचे. बायको गेल्याचं त्यांना मी चारदा सांगितलं. चारही वेळा ते नव्याने रडले, म्हणून सांगणं सोडलं.

त्या सकाळी एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं आणि दुसरी व्याल्यावर तासाभरात गेली. तिचं पिलू जिवंत होतं. पण मेंढी परक्या वासाच्या पिलाला ढुशी मारून उडवते. म्हणून सासूबाई मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्या पिलाला अंगरख्यासारखं चढवत. शेपूट मात्र शाबूत ठेवत, कारण मेंढी आधी तिथंच हुंगते.

मी सगळं तसंच केलं. पण मेंढी मला जवळच फिरकू देईना. तिला सासूबाईंच्या हाताची सवय. शेवटी वैतागून मी त्यांचा न धुतलेला स्वेटर खुंटीवरून काढला आणि अंगात घातला. मेंढी गपगार उभी राहिली. कातड्यातलं पिलू हुंगून घशातल्या घशात घुमली आणि तिला पान्हा फुटला. मला रडूच आलं.

तशीच घरात शिरले. सासऱ्यांनी दोन दिवस माझ्या हातचा घास घेतला नव्हता. असंच चाललं तर आठवडाही काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. आता त्यांनी नाक वर केलं, "आलीस?" म्हणाले आणि वाटीभर पेज संपवली.

त्या दिवसापासून दोघांचीही पोटं भरू लागली. मी मात्र आरसा टाळायला लागले. खोकला सासूबाईंसारखा येई. दार त्यांच्यासारखं पायाने ढकललं जाई. एकदा मेंढीला मी त्यांचीच शिवी हासडली, जी मला वीस वर्षं खटकत आली होती. मला भीती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी कातडं काढायचं, हा सासूबाईंचा नियम. तोवर दूध अंगी लागून पिलाच्या अंगालाच मेंढीचा वास येतो. मी कातडं कापून काढलं. मेंढीनं उघडं पिलू कितीतरी वेळ हुंगलं, मग पाय फाकवून त्याला पिऊ दिलं.

मला वाटलं, सुटले. मीही स्वेटर उतरवला, हात साबणाने घासले आणि पेज घेऊन सासऱ्यांकडे गेले.

"कोण तू?"

"मी, मामंजी. तुमची सून."

त्यांनी वाटी उडवली. "ती कुठंय? आत्ता तर इथं होती."

मी खूप विनवलं. ओठ मिटलेलेच. तीन दिवस मी भरवलेला प्रत्येक घास त्यांनी बायकोच्या हातून खाल्ला होता. माझं त्यात काही नव्हतं. मी मुकाट्याने जाऊन स्वेटर चढवला आणि दुसरी वाटी आणली.

त्यांनी माझी बाही नाकाशी धरली. चेहरा निवला.

"कुठं होतीस गं? कोण एक बाई आली होती. हाकलून दिली मी."

"बरं केलंत," सासूबाई म्हणाल्या, आणि मी चमचा पुढे केला.