सावलीच्या फुलाचं बी

घड्याळजींना बंद वस्तू बंद राहिलेली बघवत नसे. नीट चालणारं घड्याळसुद्धा 'जरा बघतो' म्हणत ते उघडायचे आणि बायकोची बोलणी खायचे. अशा माणसाच्या हवाली मातीनं भरलेली पेटी करून ती बिचारी दवाखान्यात जाऊन पडली होती.

पेटीत रानफुलाचं बी होतं. तिच्या माहेरामागच्या जंगलात, दाट सावलीत, ते पांढरं फूल उमलायचं. रस्त्यासाठी जंगल तोडलं तेव्हा तिनं ओंजळभर बी तेवढं वाचवून आणलं. ते फूल दुसरीकडे कुठेच तिला कधी दिसलं नव्हतं. जिन्याखालच्या गारव्यात पेटी ठेवून, वर कुजका पाला पसरून तिनं बजावलं होतं, "अहो, हे आपल्या वेळेनं येतं. एक हिवाळा जाईल, दुसरा जाईल, तेव्हा कुठे पान दिसेल. पाणी शिंपडा, बाकी हात लावू नका. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं नको."

"मी कशाला हात लावतोय?" घड्याळजी फुरंगटून म्हणाले होते.

पहिला हिवाळा गेला. ती खाटेवर दिवसेंदिवस आक्रसत चालली. घड्याळजी भेटायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "पेटी कशी आहे?" स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द नाही. मग एके दिवशी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की आता आमच्या हातात फारसं काही नाही. पान दिसलं तर ती उठून बसेल, हे एकच वेड घड्याळजींच्या डोक्यात शिरलं आणि घरी येऊन ते थेट जिन्याखाली गेले.

पाला बाजूला केला. माती उकरली. प्रत्येक बियाला पांढरी, केसासारखी तार चिकटलेली होती.

"बुरशी!" घड्याळजी ओरडलेच. "बरं झालं बघितलं!"

मग काय, त्यांच्या हातांना काम मिळालं. टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं, डोळ्याला भिंग लावलं. चिमट्यानं एकेक बी धरून बारीक ब्रशनं ती पांढरी घाण त्यांनी खरवडून काढली. एखादं राहून जायला नको म्हणून माती चहाच्या गाळणीतून गाळली. बायको काही त्यांना दुरुस्त करता येत नव्हती, पण हे येत होतं. सगळं बी चकचकीत करून पुन्हा ओळीनं लावलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांना पोटभर भूक लागली.

दुसऱ्या दिवशी खाटेशेजारी बसायच्या आधीच ते म्हणाले, "अगं, थोडक्यात वाचलं तुझं बी. बुरशी धरली होती. पांढरी, तारेसारखी. सगळी साफ केली बघ."

तिनं मान त्यांच्याकडे वळवली.

"प्रत्येकाला एकच तार होती?"

"एकेकच."

"अहो, ती मुळं होती," ती म्हणाली. "आधी नुसतं मूळ येतं. पान दुसऱ्या हिवाळ्यानंतर."

करायला गेलो काय नि करून बसलो काय! सगळं जगलं होतं. एकही वाया गेलं नव्हतं. आणि त्यांनी, याच हातांनी, भिंग लावून, निगुतीनं मारलं होतं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती छताकडे बघत होती आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

"एखादं सुटलं असेल ना हो तुमच्या नजरेतून?" तिनं विचारलं.

उभ्या जन्मात त्यांच्या नजरेतून बारीकसा स्क्रूही सुटला नव्हता.

"असेल की," ते म्हणाले. "माझी नजर आता कुठे राहिलीय पूर्वीसारखी?"

तिनं चाचपडत त्यांचा हात धरला. "मग आता उकरू नका हं. तेवढं एकच आहे."

"नाही उकरत."

"शपथ?"

"तुझी शपथ," घड्याळजी म्हणाले. आणि तिचा डोळा लागेपर्यंत ते त्या एका बियाबद्दलच बोलत राहिले, त्याला पान कधी येईल, केवढं येईल, घरी आल्यावर पेटी कुठे हलवायची.